जुलाब पाण्यासारखे की रक्त-आवेचे? आधी ओळखा, मग औषध घ्या

सूस (ता. मुळशी) : ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत २३ गावं घेतली गेली. त्या यादीत सूस होतं, शेजारचं म्हाळुंगे होतं आणि सिंहगड रस्त्याकडची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावंही होती. जानेवारी २०२५ मध्ये याच नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात धडधाकट माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव त्या महिन्यात घराघरांत पोचलं. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काहींचा जीवही गेला.

पाय लुळे पडण्याच्या काही दिवस आधी यातल्या अनेकांना जुलाब झाले होते, याकडे मात्र तेव्हा कमी लोकांचं लक्ष गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही जुलाबाचेच जंतू. संशय पाण्यावर गेला, विहिरी आणि टँकर भरण्याच्या जागा तपासल्या गेल्या.

सूसचं पाणी आणि नांदेडचं पाणी एक नाही. पण गावाची घडण तीच आहे. गाव शहरात गेलं, इमारती उभ्या राहिल्या, लेबर कॅम्प आले, आणि पाणी कुठे नळाचं, कुठे बोअरचं, कुठे टँकरचं. पलीकडे नांदे, चांदे, लवळे आणि पुढे पौड-ताम्हिणीपर्यंतच्या मुळशीत अजून विहीर, झरा, नळयोजना असा कारभार. त्यामुळे जुलाब कशाने होतात, कोणते घरी बरे होतात आणि कोणत्या जुलाबाला लगेच गाडी काढायची, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं.

जुलाब कशाला म्हणायचं

दिवसभरात तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली तर तो जुलाब. अंगावर पिणारं तान्हं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा मऊ, पिवळसर शी करतं, तो जुलाब नव्हे. नेहमीपेक्षा शी एकदम पाण्यासारखी झाली, वारंवार व्हायला लागली तर मात्र जुलाब समजायचा. दात येतात म्हणून जुलाब लागतात असं घरोघरी म्हणतात. खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की त्या वयात मूल रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. दातावर ढकलून दोन दिवस वाया घालवू नयेत.

जुलाबात बहुतेक वेळा जंतू थेट मारत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जातं, त्याने माणूस दगावतो. लहान मुलाच्या अंगात पाण्याचा साठाच थोडा, म्हणून ते लवकर गळतं. हे एकदा पटलं की पुढचा उपचार समजायला सोपा जातो.

तीन चेहरे

संसर्गाचे जुलाब घडवणारे जंतू पुष्कळ आहेत. सगळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही. संडास कशी होते आणि किती दिवस चालते, यावरून तीन गट पाडता येतात आणि उपचारही त्यावरूनच ठरतो.

पहिला गट पाण्यासारख्या जुलाबांचा. सर्वांत जास्त रुग्ण यातलेच. दोन वर्षांखालच्या मुलांत रोटाव्हायरस हा यातला मोठा गुन्हेगार. आधी उलट्या, थोडा ताप, मग पाण्यासारखी शी, आणि तीन ते सात दिवसांत आपोआप थांबतं. मोठ्या माणसांत नोरोव्हायरस हेच करतो, फक्त झटपट. दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू, दोन-तीन दिवसांत माणूस उठून कामाला. एकाच घरात, एकाच होस्टेलात पटापट सगळे आजारी पडले तर नोरोव्हायरसचा संशय घ्यावा. सॅनिटायझर लावला की काम झालं असं कोरोनापासून अनेकांना वाटतं, पण या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. काही प्रकारचा ई-कोलाय जीवाणूही असेच पाणचट जुलाब करतो.

लग्नातलं किंवा महाप्रसादाचं जेवण जेवून दोन-चार तासांतच पंगतीतल्या बऱ्याच जणांना ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ते बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं जंतूंचं विष. पनीर, बासुंदी, खव्याचे पदार्थ तासन्‌तास उन्हात राहिले, किंवा सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात तसाच पडून राहिला की हे होतं. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नेहमी जात नाही. म्हणून "गरम करून वाढलं होतं" हा आचाऱ्याचा खुलासा पुरेसा नसतो.

दुसरा गट रक्त आणि आव पडणाऱ्या जुलाबांचा. पोटात मुरडा येतो, सारखं जावंसं वाटतं, होते थोडीच, त्यात शेंबडासारखी आव आणि रक्त. सोबत चांगला ताप असेल तर शिगेलासारखा जीवाणू असण्याची शक्यता जास्त. कॅम्पिलोबॅक्टरही कधी पाणचट, कधी रक्ताचे जुलाब करतो. तो कच्च्या कोंबडीवर असतो. चिकन कापलेल्या पाटावर न धुता कांदा-कोथिंबीर चिरली की कोशिंबिरीतून पोटात जातो, आणि दूषित पाण्यातूनही. ताप फारसा नाही, पण आठवडाभर हळूहळू आव-रक्त चाललंय, तर अमीबा असू शकतो. रक्त दिसलं की घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, मुलाला असो की म्हाताऱ्याला. त्याच दिवशी डॉक्टर.

तिसरा गट रेंगाळणाऱ्यांचा. चौदा दिवस उलटले तरी थांबेना, पोट फुगतं, करपट ढेकर येतात, संडास तेलकट आणि अतिशय घाण वासाची, वजन उतरतं. यात जिआर्डिया नावाचा परजीवी बरेचदा सापडतो. हा झऱ्याच्या, ओढ्याच्या नितळ दिसणाऱ्या पाण्यातही असतो, त्यामुळे ट्रेकला गेलेल्यांनी "पाणी स्वच्छ दिसत होतं" यावर विसंबू नये. चौदा दिवसांच्या वर चाललेल्या जुलाबाला तपासणी हवीच, कारण त्यामागे आतड्याचा क्षय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा आजारही असू शकतो.

पटकी वेगळी

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या गावांच्या वेशीजवळ मरीआईचं ठाणं दिसतं. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि तो वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा, अशी चाल होती. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. माणसं एका दिवसात जात होती आणि कारण कुणाला ठाऊक नव्हतं. त्या भीतीची कल्पना आज येणं अवघड आहे.

पटकी म्हणजे कॉलरा. तो गेला असं समजणं चूक. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत त्याची साथ आली, शेकडो आजारी पडले, काही दगावले. पाणीयोजनेचं वीजबिल थकल्याने वीज तोडलेली होती, आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. विजेच्या बिलातून कॉलरा येतो हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण ग्रामपंचायतींनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ओळख अशी. पोटात दुखत नाही, ताप बहुधा नसतो, पण तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी धो धो जातं. जोरात लागलेल्या मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो, डोळे आत जातात, हात-पाय गार पडतात. उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू येतो. वेळेत पाणी आणि क्षार भरले तर शंभरातला एखादाही दगावत नाही. मोठ्या माणसाला असे धो धो जुलाब सुरू झाले तर ते साधे समजू नयेत. वाटेत ओआरएस पाजत दवाखाना गाठावा.

अंगातलं पाणी किती गेलं, कसं कळणार

यासाठी मशीन लागत नाही. चार गोष्टी बघायच्या: मूल कसं आहे, डोळे कसे आहेत, पाणी कसं पितं, आणि कातडी.

मूल खेळतंय, नेहमीसारखं पितंय, डोळे बरे आहेत, तर घरी उपचार चालतील. मूल किरकिरं झालंय, डोळे थोडे खोल गेलेत, पाणी दिसलं की अधाशासारखं ओढतं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, यातल्या दोन खुणा असतील तर दवाखान्यात जाऊन तिथे बसून ओआरएस पाजावं लागतं. आणि मूल सुस्त पडलंय, हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही, पिता येत नाही, कातडीची घडी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहते, तर एक मिनिट घालवायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा. याला सलाईनच लागतं.

तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली की काही घरांत तेल घालून टाळू भरतात. टाळू आत गेली ती अंगातलं पाणी गेल्यामुळे. ती पाणी दिल्यावर भरते, वरून तेल घालून नाही. सहा-सात तास लघवी झाली नाही, हीसुद्धा मोठ्यांना आणि लहानांना लागू पडणारी खूण आहे. लंगोट कोरडा राहिला तर आईच्या लक्षात लवकर येतं, सासऱ्यांची लघवी बंद आहे हे मात्र कुणी विचारत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. रक्तदाबाची, लघवी होण्याची गोळी चालू असेल तर जुलाबात अंगातलं पाणी आणखी लवकर जातं. अशा माणसाने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं ठरवावं.

ओआरएस: इथेच सगळी गफलत होते

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि पिंपांतून लोकांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते तीन-चारवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज गावात दहा-वीस रुपयांत मिळणारी पुडी ती हीच.

ती चालते कशी, तर जुलाब चालू असतानाही आतड्यात साखरेबरोबर मीठ आत शोषलं जातं आणि मिठामागे पाणी ओढलं जातं. नुसतं पाणी तसंच वाहून जातं. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की हा कारभार थांबतो, उलट जुलाब वाढू शकतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचं.

बाजारात दोन मापांच्या पुड्या येतात. मोठी साधारण २१ ग्रॅमची असते, ती एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. छोटी ४ ग्रॅमच्या आसपास, ती २०० मिलिलिटर म्हणजे एका ग्लासात. पुडीवर लिहिलेलं असतं, पण कुणी वाचत नाही. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होऊन लहान मुलाला धोका होतो. मोठी पुडी अर्धी-अर्धी करून वापरणंही नको, कारण माप चुकतं. घरात लिटरचं माप नसेल तर विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरावी, यापेक्षा सोपं माप नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावं. कालवल्यावर ते उकळू नये. २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यावं. दूध, चहा, फळाचा रस यात पुडी टाकायची नाही, वरून साखरही घालायची नाही.

किती द्यायचं? प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्यांना जितकं पिता येईल तितकं. वाटी-चमच्याने, घोट घोट. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा दोन-तीन मिनिटांना एक चमचा. ओकलं म्हणून बंद करतात, तिथेच मूल हातचं जातं.

पुडी नाही मिळाली तर घरी करता येतं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, अश्रूपेक्षा खारट लागता कामा नये. ताकात किंचित मीठ घालून, भाताची पेज, डाळीचं पाणी, शहाळं हेही चालतं. मात्र कोल्ड्रिंक, टेट्रापॅकमधलं गोड पेय, रंगीत एनर्जी ड्रिंक चालत नाही, त्यात साखर फार असते. दुकानात "ओआरएस" असं नाव लावून गोड पेयं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघावं.

शुगरवाल्यांचा हमखास प्रश्न, आम्ही ओआरएस प्यायचं का? एक लिटरमध्ये साखर, म्हणजे ग्लुकोज, साडेतेरा ग्रॅम असतं. जुलाब लागलेल्या शुगरच्या रुग्णाने ते प्यावं, शुगर तपासत राहावी आणि आपल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. पाणी कमी पडून होणारा धोका त्या साखरेपेक्षा मोठा आहे.

जस्ताची गोळी आणि ताटातलं जेवण

मुलांना ओआरएससोबत झिंकची, म्हणजे जस्ताची, गोळी १४ दिवस द्यायची. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत पूर्ण २०. चमच्यात आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, त्याने पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागण्याचं प्रमाण कमी होतं. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतं.

"पोटाला आराम द्या" म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. उपाशी मूल आणखी अशक्त होतं आणि आतडंही उशिरा भरून येतं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं. मोठ्या मुलाला मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, केळं, दही, नाचणीची आंबील. जायफळ उगाळून चाटवल्याने अंगातलं गेलेलं पाणी भरून येत नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं.

गोळी, इंजेक्शन, सलाईन

मेडिकलमध्ये जाऊन "जुलाबाची गोळी द्या" म्हटलं की बरेचदा दोन औषधांची जोडगोळी हातात पडते, एक जीवाणूवरचं आणि एक अमीबावरचं. पाण्यासारखे जुलाब बहुतेक विषाणूंचे असतात आणि विषाणूवर ही दोन्ही औषधं काही करत नाहीत. जुलाब तसेही तीन-चार दिवसांत थांबणार असतात, श्रेय गोळीला मिळतं. वारंवार असं केलं की जंतू औषधाला निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावरच सुरू झालेले जुलाबही असतात, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

रक्त-आव, जोराचा कॉलरा, तपासणीत सापडलेला अमीबा किंवा जिआर्डिया, अगदी लहान किंवा फार अशक्त रुग्ण, अशा वेळी औषध लागतं, आणि प्रत्येकाचं वेगळं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. जुलाब बांधणारी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, लहान मुलांना कधीच देऊ नये. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये, घाण आतच कोंडते.

सलाईनचं तसंच. पिता येतंय त्याला ओआरएस तेवढंच काम करतं. "एक बाटली लावा, ताकद येईल" असा आग्रह रुग्णच धरतो, आणि लावणारेही मिळतात. सलाईन हवं ते बेशुद्ध, न पिऊ शकणाऱ्या, सारखं ओकणाऱ्या, अंग गार पडलेल्या माणसाला. त्याला मात्र ते ताबडतोब हवं. पौडचं ग्रामीण रुग्णालय किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय यांपैकी जे जवळ पडेल तिकडे न्यावं.

साध्या जुलाबात संडास तपासायची गरज नसते. रक्त पडतंय, चौदा दिवस झाले, किंवा गावात साथ आहे, तर तपासणी करावी, आणि नमुना औषध सुरू होण्याआधी द्यावा. गोळ्या खाऊन मग नमुना दिला की जंतू सापडत नाही.

लस

रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे. तोंडावाटे द्यायची, बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचं असताना, फुकट. देशात वापरल्या जाणाऱ्या अशा लसींपैकी एक पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते. ती सगळे जुलाब थांबवत नाही, पण जीवावर बेतणारा रोटाव्हायरस बराच थांबवते. बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं यात सुटतात, कारण ठिकाण बदलत राहतं. कार्ड जवळ असलं तर पुढचा डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो.

विहीर आणि टँकर

विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, पण अंदाजाने. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा, लिटर येतात. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर ३७ हजार ६८० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि ढवळायचं. तासभर उपसा करायचा नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर जास्त पावडर लागते. उघड्या पोत्यातल्या, वास उडालेल्या जुन्या पावडरीत क्लोरीन राहिलेलंच नसतं, ती टाकणं म्हणजे नुसता सोपस्कार.

टाकली का नाही हे ओटी टेस्टने कळतं. नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं, साथ असेल तर ०.५. जलसुरक्षकाकडे हे साहित्य असतं. टँकरवाल्याला पाणी कुठून भरलं हे विचारा आणि टँकरच्या पाण्याचीही हीच टेस्ट करायला लावा. सोसायटीच्या खालच्या टाकीत शेजारचा ड्रेनेज झिरपत असेल तर वरचं पाणी कितीही शुद्ध आलं तरी उपयोग नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनला न जुमानणारे काही परजीवीही आहेत, म्हणून लहान मूल असलेल्या घरात पाणी खळखळून उकळावं, झाकून गार करावं आणि ओगराळ्याने काढावं, हात बुडवून ग्लासाने नव्हे.

जुलाबानंतर पाय लटपटले तर

कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार रुग्णांत एखाद्यालाच पुढे जीबीएस होतो, त्यामुळे प्रत्येक जुलाबाला घाबरायचं कारण नाही. पण जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढता येईना, बसल्यावर उठता येईना, अशक्तपणा पायाकडून वर चढू लागला, तर अशक्तपणाचं टॉनिक घेत बसू नये. गिळताना ठसका लागला किंवा दम लागू लागला तर ती आणीबाणी, व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठावं. मागे जुलाब झाले होते हे तिथल्या डॉक्टरांना न विचारता सांगावं.

एकाच आळीत, एकाच इमारतीत किंवा एकाच कॅम्पात दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले तर ते कळवायचं. ग्रामपंचायत हद्दीत आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, सूस-म्हाळुंगेकरांनी महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालय. कळवताना किती माणसं, कधीपासून, पाणी कुठलं, एवढं सांगितलं तरी पुरे. त्या वेळी विहिरीत घाईने पावडर ओतण्याआधी पाण्याचा नमुना काढून ठेवायला सांगावं. पावडर पडली की दूषित पाण्याचा पुरावा जातो, आणि गळती नेमकी कुठे आहे हे शोधणं अवघड होऊन बसतं.